कानांनी भाजलेला कॉब्लर

सकाळचे साडेसात म्हणजे त्या घरात सगळ्यांनी एकदम बोलायची आणि कुणीच ऐकायचं नाही अशी वेळ. नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत फिरत होता. लेक अर्ध्या घातलेल्या वेणीनिशी टोस्टला जाम फासत बसली होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होत्या. सोडवत होत्या म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवून इतरांकडून सोडवून घेत होत्या.

“न मागता मिळणारी गोष्ट. दोन अक्षरी.”

“सल्ला,” नवरा पलंगाखालून म्हणाला.

“उत्तर देतोयस की टोमणा मारतोयस?”

“आधी बसतंय का बघ, आई. मग काय ते ठरव.”

या सगळ्याच्या मधोमध, एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात चहाचं गाळणं घेऊन, सूनबाई उभी होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पदवीचं प्रमाणपत्र कपाटात पिवळं पडलं, कानशिलाशी चार पांढरे केसही आले, तरी अख्ख्या इमारतीसाठी ती अजून सूनबाईच होती. आधी तिला त्याचा राग यायचा. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःच फोनवर “सूनबाई बोलतेय” असं सांगतो. त्या दिवसापासून तिनं राग सोडून दिला.

तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, जरा थांबून आणखी एकदा. भाजलेल्या पावाच्या पाठीवर वाजवून बघतात ना, तसं.

“भट्टीमावशी,” सासूबाई कोड्यातून मान वर न काढता म्हणाल्या. “बेल नावाची वस्तू निघाली आहे, हे त्या बाईला अजून कुणी कळवलेलं नाही.”

भट्टीमावशी तळमजल्यावर एकटी राहायची. वय अडुसष्ट, चण लहान, पण मनगटं पैलवानाची. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर जुन्या चटक्यांच्या बारीक आडव्या रेघा, आखीव वहीच्या पानासारख्या. मागच्या रस्त्यावरच्या बेकरीत तिनं एकतीस वर्षं भट्टी सांभाळली होती. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला, त्यातून ती उठली, महिनाभर कामावर गेली आणि मग एके दिवशी “गुडघे गेले” म्हणून तिनं काम सोडलं. त्यानंतर ती फारशी कुणाकडे आली-गेली नव्हती. आज मात्र दारात उभी होती, आणि कमरेवर ओल्या फडक्यानं झाकलेली टोपली.

“तुझा ओव्हन चालू आहे ना ग?”

“आहे की. या ना आत, मावशी.”

“माझ्या ओव्हनची कॉइल आज पहाटे जळाली. मिस्त्री म्हणतो दुपारनंतर येतो. आणि मला अकराच्या आत कॉब्लर पोचवायचाय. तास-दीड तास ओव्हन दे. जाताना आतून-बाहेरून घासून देईन.”

“घासायचं काय त्यात?”

“मग नको. दुसरीकडे बघते.”

“बरं, घासा,” सूनबाई घाईघाईनं म्हणाली. मावशीला कुणाचं काही फुकट घेता येत नाही, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. वाटीभर साखर नेली तर दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून यायची, वर दोन बिस्किटं.

सासूबाईंनी आता चष्म्यावरून बघितलं. “गुडघेदुखीवाली बाई एवढी टोपली घेऊन दोन जिने चढून आली, सूनबाई. धापसुद्धा लागली नाही. नीट बघून ठेव.”

“तुझ्या जिभेला व्यायाम असतो, माझ्या पायांना,” मावशी म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली.

आठ वाजता नवरा आणि लेक बाहेर पडले. एकाचे मोजे दोन वेगळ्या रंगांचे, दुसरीची वेणी वाकडी. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मावशीनं टोपलीवरचं फडकं काढलं, आणि सूनबाईच्या तोंडून नकळत “अगंबाई!” निघालं.

काळ्याभोर ब्लॅकबेरी, लालचुटूक रासबेरी आणि मूठभर लांबट तुती. इमारतीमागे पडीक जागा होती, तिथल्या काटेरी कुंपणावरून मावशीनं उजाडताच तोडून आणलेली. त्या कुंपणाशेजारून सूनबाई रोज दोनदा जायची, पण तिथं फळं धरतात हे तिला माहीत नव्हतं. मावशीच्या बोटांवर नवे ओरखडे होते आणि नखांत जांभळा रंग बसला होता.

“तीन आठवडे येतात बघ. मग संपलं,” मावशी म्हणाली. “वळणावर ते नवं चहाघर निघालंय ना, तिथली मालकीण म्हणाली, एक करून आणा. पसंत पडला तर रोज एक घेईन. बेरी संपली की पेअर आहे, सफरचंद आहे.” एवढं बोलून ती थांबली. मग भांड्यांकडे बघत म्हणाली, “पसंत पडला तर.”

तिच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य सूनबाईला जरा वेगळं वाटलं. परीक्षेच्या दिवशी लेक जशी बोलते तसं.

कॉब्लर हा प्रकार सूनबाईला ऐकून माहीत होता. खोल भांड्यात फळं आणि साखर, वरून मऊ पिठाचे गोळे, आणि ओव्हनमध्ये सगळं एकदम शिजायचं, भाजायचं. सोपं काम. तिनं मापाचे कप, चमचे आणि तराजू ओट्यावर मांडला. मावशीनं ते सगळं हातानं हळूच बाजूला सारलं, जेवताना कुणी मध्येच आणून ठेवलेली फाईल सारावी तसं.

मग तिनं फळं परातीत ओतली आणि निवडायला लागली. डोळे खिडकीबाहेर, बोटं परातीत. एकेक फळ अंगठ्याखालून फिरायचं आणि कुठल्यातरी ढिगात जाऊन पडायचं. घट्ट इकडे, मऊ तिकडे, अतिपिकलेलं वाटीत. सूनबाईनं त्या ढिगांतलं एकेक उचलून दाबून पाहिलं. एकही चुकीच्या ढिगात नव्हतं. अतिपिकलेली फळं मावशीनं काट्यानं चेचून भांड्याच्या तळाशी पसरली, वर मऊ, त्यावर घट्ट. “खालच्यानं रस द्यायचा, वरच्यानं आकार ठेवायचा,” ती म्हणाली. “सगळीच सारखी टाकली की जामच होतो.”

साखरेचं तिनं काय केलं ते तर सूनबाई पुढे कित्येक दिवस सांगत होती. मावशीनं एक बेरी अंगठा आणि तर्जनीत चिरडली, चिमूटभर साखर लावली, बोटं एकमेकांवर तीनदा घासली आणि सावकाश उघडली. मध्ये रसाची बारीक तार आली आणि तुटली. तिनं आणखी दोन चिमटी साखर घेतली, पुन्हा तेच. या वेळी तार जरा लांब ताणली. “हं,” ती म्हणाली आणि डब्यातून मुठीनं साखर काढली. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरी अर्धी. वर चमचाभर कॉर्नफ्लोअर, अर्धं लिंबू.

“लोणी तुझंच दे ग. न फोडलेल्या पाकिटातलं. उद्या भरून देते.”

सूनबाईनं फ्रिजमधून पाकीट काढलं. मावशीनं हात गार पाण्यात बुडवून कोरडे केले आणि लोण्याचे तुकडे मैद्यात चोळायला सुरुवात केली. तळवा कुठेच लागू द्यायचा नाही, फक्त बोटांची टोकं. मैदा परातीतून वर उचलला जायचा आणि भुरभुरत खाली पडायचा. “मसुराएवढे कण राहू देत. पार एकजीव केलंस तर गोळा दगड होतो.” मग लिंबू पिळून फाडलेलं दूध, आणि काट्यानं सहा-सात फेरे. सूनबाईनं मनातल्या मनात आपले आजवरचे मधोमध बसलेले केक आठवले. कसं घोटायची ती! जिवाच्या आकांतानं.

पिठाचे गोळे मावशीनं फळांवर सोडले, पण सगळं झाकलं नाही. मध्ये मध्ये काळ्या-लाल रसाच्या खिडक्या ठेवल्या.

भांडं ओव्हनमध्ये गेलं. सूनबाईनं सवयीनं घड्याळाकडे हात नेला. “चाळीस मिनिटांचा गजर लावू?”

“घड्याळानं ही फळं बघितलीत का?” मावशी म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, ओव्हनसमोर बसली, उजवा कान दाराच्या फटीशी नेला आणि डोळे मिटले.

सूनबाईला आधी हसू आलं. मग आलं नाही. त्या चेहऱ्यावर असं काही होतं की हसणं तिथल्या तिथे विरलं. दूरदेशी गेलेल्या माणसाचा फोन लागावा आणि पलीकडचा आवाज पुसट यावा, तेव्हा माणूस जसा ऐकतो तशी मावशी ऐकत होती. सूनबाई ओट्याला टेकून बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. सासूबाईंच्या कॉफीचं दूध मंद आचेवर ठेवलंय, हे ती साफ विसरली.

दूध उतू गेलं नाही. ते गुपचूप तळाशी लागलं. आधी कडवट, मग भाजका, मग घशात बसणारा वास घरभर पसरला.

“अगं दूध करपलं!” बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. “झोपलात की काय दोघी?”

सूनबाईनं धावत जाऊन गॅस बंद केला. काळं पडलेलं पातेलं मोरीत टाकलं आणि खिडकीवरच्या एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं. फॅन घरघरायला लागला.

“बंद कर ते!” मावशी ताडकन उठली. “आधी बंद कर!”

“अहो मावशी, वास केवढा सुटलाय—”

“कसला वास?”

सूनबाई बघत राहिली. शेगडी मावशीच्या पाठीशी हातभर अंतरावर होती. धुराचा पातळ पडदा अजून तिच्या डोक्यावर तरंगत होता. बाहेरच्या खोलीतल्या माणसाला समजलं, आणि जिनं एकतीस वर्षं भाजलं-करपलं ओळखण्यात घालवली, ती विचारत होती, कसला वास.

मावशीच्याही लक्षात आलं, काय बोलून गेलो ते. चेहऱ्याचा रंग उतरला. पण तिनं मान फिरवली. “फॅन बंद कर, बाई. मला ऐकू येत नाहीये. नंतर विचार काय विचारायचं ते.”

सूनबाईनं फॅन बंद केला. सासूबाई काहीतरी बोलायला दारापर्यंत आल्या होत्या. सूनबाईनं नुसता हात वर केला, आणि नवल म्हणजे त्या थांबल्या. पदर नाकाला लावून तिथेच उभ्या राहिल्या.

घर गप्प झालं. मावशी पुन्हा दाराच्या फटीशी. सूनबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

आधी तिला काहीच ऐकू आलं नाही. ओव्हनचा गुंजारव, फ्रिजचा, खालच्या रस्त्यावरून गेलेली एक सायकल. मग त्या सगळ्याच्या तळाशी एक बारीक चुरचुर लागली. पाणीदार, उतावीळ, एकसारखी.

“हे पाणी,” मावशी ओठांतल्या ओठांत म्हणाली. “फळातलं पाणी सुटलंय नुसतं. आता काढलं तर सगळं सरबत.”

वेळ गेला. चुरचुर जराशी जाड झाली. तिच्यात मधूनच एखादा वेगळा आवाज यायला लागला. गोल, भरलेला. भप. पुन्हा चुरचुर. भप, भप.

“साखर जागी झाली,” मावशी म्हणाली.

सूनबाईच्या अंगावर काटा आला. हाच ओव्हन तिच्या घरात नऊ वर्षं होता. त्यात काय काय शिजलं, फुगलं, बसलं, करपलं. आणि ते सगळं असं बोलत होतं, आणि ती बाहेरच्या खोलीत बसून गजराची वाट बघत होती. तिनं कान आणखी जवळ नेला. आता चुरचुर जवळजवळ थांबली होती. नुसते ते जड बुडबुडे. एक फुटायचा, मग शांतता, मग दुसरा. प्रत्येक वेळी शांतता जराशी लांबायची. मावशीची छाती हळूहळू वरखाली होत होती, आणि सूनबाईला उमगलं की ती श्वास मोजते आहे.

“दोन बुडबुड्यांच्या मध्ये एक श्वास पुरा घेऊन पुरा सोडता आला,” मावशी पुटपुटली, “की झालं.”

भप. सूनबाईनंही श्वास घेतला. सोडायला लागली, अर्ध्यावर पुढचा आला. पुन्हा. या वेळी थोडासाच उरला. दारातल्या सासूबाईंनीसुद्धा, हे तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं, श्वास धरला होता.

भप.

घेतला. सोडला. पुरा सोडला.

भप.

मावशी उठली, दार उघडलं, फडक्यानं भांडं काढून ओट्यावर ठेवलं आणि वरच्या एका गोळ्यावर बोटाचं पेर टकटक वाजवलं. पोकळ, हलका आवाज आला. गोळे कडेनं सोनेरी, शेंड्यावर तांबूस. खिडक्यांमधून काळसर माणकासारखा रस संथ हलत होता. आणि वास! पिकलेल्या फळांचा, लोण्याचा, गरम साखरेचा तो वास स्वयंपाकघरातून निघाला, करपलेल्या दुधाला बाजूला सारत बाहेरच्या खोलीत गेला, आणि सासूबाई पदर खाली घेऊन नुसत्या “अरे देवा” म्हणाल्या. एवढंच. त्यांचं इतकं छोटं वाक्य सूनबाईनं पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्या वासाच्या अगदी मधोमध मावशी उभी होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

“तापानंतर गेला,” भांड्याकडे बघतच तिनं सांगितलं. “डॉक्टर म्हणाले, येईल. चार महिने झाले. जीभ आंबट, गोड, खारट सांगते, त्याच्या पुढचं काही सांगत नाही.”

“मग गुडघे?” सासूबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

“गुडघे धडधाकट आहेत. लोण्यानं घालवलं मला.” मावशी स्टूलावर बसली. “पहाटे पीठ मळायला मी एकटीच असायची. एक दिवस लोण्याचा डबा खवट निघाला. कुणाच्याही नाकात भरला असता. मी चाळीस बन केले त्याचे. गिऱ्हाइकं परत घेऊन आली. मालक लोणीवाल्याला वाट्टेल ते बोलले, आणि मी तिथे उभी राहून ऐकलं. खरं तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, आता होत नाही.”



“मग घरी बसून कान लावायला लागले. पूर्वीही ऐकायची, पण नाक असताना कोण कानाला विचारतं? रोज एक भांडं भाजायचं, चुकलं की टाकायचं. बरीच टाकली. आज तुझं नवं पाकीट मागितलं ते त्याचसाठी. बाकी सगळं मी हातानं आणि कानानं पकडते. पण खवट लोण्याला आवाज नसतो ग.”

ओव्हन तिनं घासलाच. सूनबाईनं नको म्हटलं नाही. पावणेअकराला दोघी निघाल्या. भांडं मावशीच्या हातात, सूनबाई सोबतीला. रस्त्यानं एक गंमत चालली होती. फुटपाथवर समोरून येणारा माणूस तीन पावलांवर आला की त्याची मान आपोआप वळायची. शिंप्यानं मशीन थांबवलं. बसस्टॉपवरच्या दोन कॉलेजच्या मुली बोलता बोलता गप्प झाल्या. टपाल टाकणारा जिन्यात एक पाय ठेवून तसाच उभा. मावशी सरळ पुढे बघत चालली होती, भांड्याच्या मागून, जणू डोक्यावरून सूर्य नेतेय आणि तिलाच तो दिसत नाही. सूनबाईला वाटलं, तिला सांगावं, मावशी, मागे वळून बघा एकदा. पण तेवढ्यात चहाघराचं दार आलं.

चहाघराची मालकीण तिशीची होती, चटपटीत, कानामागे पेन्सिल खोचलेली. तिनं चमचाभर घेतला. मग दुसरा. मग खुर्ची ओढून बसली आणि तिसरा घेतला.

“मावशी, उद्यापासून,” ती म्हणाली.

मावशीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. “आधी एक ऐक. मला वास येत नाही. काहीच नाही. मागून कळण्यापेक्षा आत्ता सांगते.”

मालकिणीनं चमच्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. “मग हा कसा केलात?”

“तो जमतो. त्याची काळजी नको. पण लोणी-दूध खराब असलं तर मला समजणार नाही.”

मालकिणीनं कानामागची पेन्सिल काढून बोटांत फिरवली. “मावशी, खोटं नाही बोलत, असा कॉब्लर मी खाल्ला नाही. पण दुकान नवं आहे माझं. एकदा खराब गेलं की माणसं फिरकत नाहीत. घरात रोज कुणी बघणारं असेल तर उद्या सकाळी आणा. नसेल तर...” 

“संध्याकाळपर्यंत सांगते,” मावशी म्हणाली.

दोघी परत निघाल्या. सूनबाईच्या जिभेवर एक वाक्य कधीचं येऊन बसलं होतं. किती सोपं होतं ते! पण तिनं ते दातांमागे धरून ठेवलं. आपण होऊन दिलं तर मावशी उद्या वाटी भरून परत करेल, दोन बिस्किटांसकट, आणि परवापासून येणार नाही. हे मावशीनं आपणहूनच मागायला हवं होतं.

तळमजला आला. मावशीनं किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली नाही. सूनबाई जिन्याची एक पायरी चढली, दुसरी चढली. मागे दाराचा आवाज झाला नाही. तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि वळली.

मावशी दाराकडे तोंड करून उभी होती. ओरखडलेली, जांभळ्या नखांची बोटं किल्लीवर.

“याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही,” ती दारालाच म्हणाली. मग वळली आणि सरळ सूनबाईच्या डोळ्यांत बघितलं.

“रोज सकाळी सातला मी लोणी आणि दूध घेऊन वर येईन. तू वास घे आणि चांगलं की खराब तेवढं सांग. सांगशील?”